बुरशी न आलेलं पनीर

इंदूरहून परतलेल्या माणसाला आमच्या मिरजेत एकच प्रश्न विचारतात, काय काय खाल्लं? मलाही विचारला. खाल्लं ते सांगेनच. पण तिथे दोन दिवस जे ऐकून घेतलं ते पचायला जास्त जड गेलं, म्हणून लिहायला बसले.

मी तीस वर्षं एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. काम विरजणातल्या जीवाणूंचं. दह्या-ताकातले काही जीवाणू आपल्या शेजाऱ्यांना मारायला एक चिमुकलं प्रथिन तयार करतात. शास्त्रात त्याला पेप्टाइड म्हणतात. त्यातलं निसिन नावाचं पेप्टाइड जगभर चीजमध्ये आणि डबाबंद पदार्थांत टिकाऊपणासाठी घालतात. आम्ही ते दगडी झालेल्या, म्हणजे सुजून टणक झालेल्या गाईंच्या कासेवर वापरून पाहिलं होतं. काही गाईंना गुण आला, काहींना नाही, आणि आम्ही दोन्ही लिहून ठेवलं. 'काहींना नाही' हे लिहायची पद्धत आता बंद झाली आहे, हे मला इंदूरला कळलं.

एका कंपनीचं पत्र आलं होतं. अशा पेप्टाइडांवर शनिवार-रविवार परिषद आहे, आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावं. निवृत्त माणसाला कुणी प्रमुख पाहुणी म्हटलं की तिची निम्मी अक्कल तिथेच गळते. मी त्याच दिवशी होकार कळवला आणि वर दोन गोड वाक्यं जोडली. आपला उपक्रम स्तुत्य आहे, नैसर्गिक परिरक्षकांनाच भविष्य आहे. कंपनीचा माल मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

शुक्रवार, तुकोगंज

विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन एक तिशीची मुलगी उभी होती. करुणा वानखेडे, कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी.

"नमस्ते मॅडमजी, मी तुम्हाला घ्यायला आली."

"आले," मी म्हटलं. "मी आले. मराठीत बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हा 'आले' म्हणते."

"तुमच्या मराठीत आले, माझ्या मराठीत आली," ती बॅग उचलत म्हणाली. "पोचली तर दोघी न?"

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. गाडीत तिनं सांगितलं की ती महूची. पणजोबा पलटणीत होते, ते महूला आले आणि घर तिथलंच झालं. मूळ गाव अकोल्याकडचं आहे म्हणतात, तिनं ते पाहिलेलं नाही. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पणजोबांची पदकं. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आईचे गुडघे गेलेले, म्हणजे पगार हिचाच.

रस्ते स्वच्छ होते, हे मान्य करते. पण इंदूरकर ती स्वच्छता तुम्हाला स्वतः पाहू देत नाहीत. ड्रायव्हरनं तीनदा सांगितलं, हॉटेलच्या माणसानं दोनदा, लिफ्टमधल्या फलकानं एकदा. तहान लागली होती म्हणून मी शिकंजी मागवली. आमच्याकडे शिकंजी म्हटलं की लिंबाचं सरबत डोळ्यांपुढे येतं. इथे आलं ते बासुंदीचं कुणी जवळचं नातेवाईक. घट्ट, पिवळं, वर सुकामेवा. ते पिऊन तहान वाढली आणि रात्रीचं जेवण रद्द झालं.

निघताना करुणा दारात घोटाळली. "मॅडमजी, उद्या लंचनंतर दोन तास मला देणार? राजवाडा दाखवायला नेते असं सांगून निघू. पण दाखवायचं काही और आहे."

मला वाटलं, शिफारसपत्र हवं असेल. तरुण मुलं दोन तास मागतात ती त्यासाठीच. मी बघू म्हणाले.

शनिवार, परिषदेचा मांडव

सकाळी पोहे आणि जिलेबी. पोह्यांवर शेव आणि जिरावणाचा मसाला, आणि त्याच बशीत जिलेबी. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू पडतं आणि गोड वेगळ्या वेळेला खातात, त्यामुळे मी नाक मुरडलं आणि दोन बश्या संपवल्या. त्या दिवशी मला मिळालेली एवढीच प्रामाणिक गोष्ट.

उद्घाटक दीड तास उशिरा आले. त्यांनी दिवा लावला आणि ठणकावून सांगितलं, "ये जो पेस्टिसाइड है, ये आने वाले समय में हर घर की थाली में होगा।" समोर दोनशे माणसं बसलेली, निम्मी तरी या विषयातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप उठतात.

मग एक प्राध्यापक बोलले. आपल्या पूर्वजांना पेप्टाइड माहीत होतं, म्हणूनच ते जेवणाअंती ताक पीत. दुसऱ्यानं सांगितलं की प्रतिजैविकांना दाद न देणारे सगळे जंतू आता निसिनची गोळी घेऊन मरतील. निसिन प्रथिन आहे. गोळी पोटात गेली की ते आतड्यातच पचून जातं, जसं डाळीतलं पचतं. हे बी.एस्सी.च्या मुलीला ठाऊक असतं. त्या माणसाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. त्याला कुणी विचारणार नाही हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत कंपनीचे संचालक राजीवजी मला त्यांच्या दालनात घेऊन गेले. उंच, हसतमुख, बोलताना समोरच्याचा कोपर धरणारे. टेबलावर काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत एकाच दिवशी ठेवलेलं पनीर. एका बरणीतलं हिरव्या बुरशीनं माखलेलं, दुसरीतलं पांढरंशुभ्र.

"बिना फ्रिज के, मैडम! सिर्फ हमारा पाउडर। सौ टका नैचुरल, दही के बैक्टीरिया का निसिन।"

इथे माझ्या मनात एक खडा टोचला. निसिन काही जीवाणूंना मारतं, सगळ्यांना नाही. बुरशीचं तर ते काहीच वाकडं करत नाही, बुरशी त्याच्या जातीबाहेरची. मग दुसऱ्या बरणीत बुरशी का नाही? प्रश्न ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात राजीवजींनी माझ्या हातात हा एवढा पुष्पगुच्छ दिला, फोटोवाला म्हणाला, "मैडम, इधर," आणि मी तिकडे बघून हसले.

शनिवार दुपार, पलासिया

दोन तास मी करुणाला दिले, कारण सत्रात परत बसणं त्याहून वाईट होतं.

पलासियातल्या एका इमारतीत, खाली दवाखाना आणि वर कोचिंग क्लास, अशा मधल्या मजल्यावर कंपनीची प्रयोगशाळा आहे. शनिवारी तिथे कुणी नव्हतं. करुणानं तीन पेट्री प्लेट काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"काय आहे ते मी सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

हे मला आवडलं. तीस वर्षांत मी प्लेट वाचल्या त्या अशाच. प्लेटवर जीवाणूंचा पातळ थर वाढवतात, त्यात छोटी भोकं पाडून तपासायचा पदार्थ घालतात. जिथे जीवाणू वाढले नाहीत तिथे भोकाभोवती स्वच्छ गोल दिसतो. पहिल्या प्लेटवर खरं निसिन होतं, बाहेरून मागवलेलं. एका भोकात ते तसंच, दुसऱ्यात प्रथिन फोडणारं एन्झाइम मिसळून. पहिल्याभोवती गोल, दुसऱ्याभोवती काही नाही. बरोबर. प्रथिनाचे तुकडे झाले, काम संपलं.

दुसऱ्या प्लेटवर कंपनीची पावडर, तशीच दोन भोकं. दोन्हींभोवती गोल. अगदी सारखे.

तिसऱ्या प्लेटवर पावावरची बुरशी वाढवलेली. तिथेही पावडरीभोवती गोल.

"हे निसिन नाही," मी म्हटलं. "प्रथिनच नाही. कुठलंतरी स्वस्त रसायन आहे. किती वेळा केलंस?"

"तीनदा. राजीव सरांना दाखवलं. बोलले, तुझा एन्झाइम खराब आहे. मी बोलली, मग पहिल्या प्लेटवर कसा चालला? तर बोलले, करुणाजी, आप बहुत सोचती हैं।" ती प्लेट परत झाकत होती. "रसायन असेल तर लेबलवर लिहा न. काही रसायनांना परवानगी पण असते. पण हे लोक गावात जाऊन सांगतात की बर्फ नको, फ्रिज नको. मॅडमजी, माझं नाव कुठे घेऊ नका. दुसरी नोकरी शोधते आहे. ती लागली की मी स्वतः जाऊन बोलणार."

मी शब्द दिला. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहिते आहे.

शनिवार संध्याकाळ, हातोद

"अजून एक ठिकाण," करुणा म्हणाली, आणि आम्ही पश्चिमेला हातोदच्या रस्त्याला लागलो. शहर मागे पडल्यावर काळी माती आणि गव्हाची शेतं. मंडीच्या पलीकडे, ही पावडर वापरणाऱ्या रामकन्याबाईंचं घर. पाच म्हशी, पत्र्याची शेड, चुलीवर दुधाची मोठी कढई. बाई पन्नाशीच्या, दंड पैलवानासारखे. पनीर आणि मावा करून इंदूरच्या टिफिनवाल्यांना आणि एका मुलींच्या होस्टेलला देतात.

मी आत शिरले तशा त्या कढई सोडून उठल्या आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागल्या. मग भिंतीवर चिकटवलेला एक गुळगुळीत कागद काढून आणला.

"यो फोटू तमारो ज है नी?"

माझाच होता. दूध संघाच्या जुन्या स्मरणिकेतला. खाली हिंदीत छापलेलं, वरिष्ठ वैज्ञानिकांची शिफारस, आणि त्याखाली माझी दोन गोड वाक्यं. नैसर्गिक परिरक्षकांऐवजी पावडरीचं नाव घातलं होतं, एवढाच बदल.

"म्हने तो यो देख के भरोसो करयो," बाई कौतुकानं म्हणाल्या. "बरफ बंद कर दी।" हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. त्यांनी मला शेडच्या सावलीतला पनीरचा हंडा दाखवला. वरून पांढरं, देखणं, कुठे डाग नाही. मी वास घेतला. साबणासारखा, किंचित कडवट. बुरशी नव्हती, पण उकाड्यात ठेवलेल्या हंड्यात बुरशीखेरीज पुष्कळ काही वाढतं आणि त्यातलं डोळ्यांना काही दिसत नाही.

होस्टेलनं गेल्या आठवड्यापासून पनीर घेणं थांबवलं होतं. काही मुलींची पोटं बिघडली म्हणे. पनीरमुळे की पाण्यामुळे, कुणी तपासलं नाही. बाईंना वाटत होतं की कुणा जळणाऱ्या माणसानं कान भरले.

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बर्फ परत सुरू करा एवढंच पुटपुटले, चहा प्यायले आणि गाडीत बसले. इतका वेळ मी त्या मांडवातल्या लोकांना हसत होते. त्यांच्यातली सगळ्यात स्वस्तात मिळालेली मी होते, एका पत्रात आणि एका स्तुतीत.

रविवार, समारोप

समारोपाला मला बोलायचं होतं आणि मग त्या पावडरीच्या नव्या पुड्याचं अनावरण करायचं होतं. पुडा जरीच्या कापडाखाली झाकून ठेवला होता, लग्नातल्या रुखवतासारखा.

मी ठरवून गेले होते की तीनच गोष्टी बोलायच्या. ती दोन वाक्यं मी माल न तपासता लिहिली, माझी चूक, ती मागे घेते. निसिन बुरशी थांबवत नाही. मग तुमच्या बरणीत बुरशी का नाही?

बोलले. राजीवजी हसत उठले. "मैडम, ये हमारी स्पेशल टेक्नोलॉजी है। बाहर नहीं बता सकते।"

"तंत्रज्ञान सांगू नका. पदार्थ सांगा. लेबलवर तुम्ही दह्याचं निसिन लिहिलं आहे."

"आपने टेस्ट किया है क्या?" कोपर धरायला मी लांब होते, म्हणून त्यांनी हवेतच हात पुढे केला. "सुनी-सुनाई बातों पर आप जैसी सीनियर..."

तो 'सुनी-सुनाई' मला झोंबला. माझा आवाज चढला. "सुनी-सुनाई नाही. तुमच्याच प्रयोगशाळेतल्या प्लेट मी कालच वाचल्या!"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं मी काय केलं ते. त्या प्रयोगशाळेत प्लेट घालणारी एकच व्यक्ती होती आणि ती तिसऱ्या रांगेत बसली होती. राजीवजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सरळ तिकडे पाहिलं. मग आणखी दहा माना वळल्या. करुणा मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिली, तिनं मान खाली घातली नाही.

सूत्रसंचालकानं माइक घेतला. समय का अभाव है, भोजन तैयार है. दोनशे माणसं उठली आणि दालबाफल्यांच्या पंगतीकडे निघाली. ताक म्हणजे पेप्टाइड सांगणारे प्राध्यापक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आप सही हैं मैडम, पर ये जगह नहीं थी।" मी विचारलं, मग जागा कुठली? ते म्हणाले, बाफले गार होतील.

चार वाजता करुणा हॉटेलवर आली. "आयकार्ड काढून घेतलं," ती म्हणाली. बसली नाही.

मी माफी मागितली. रागाच्या भरात निघून गेलं, वगैरे.

"मला माहीत आहे रागात निघालं. तुम्ही खरं बोलल्या, ते पण माहीत आहे." "पण ते माझं काम होतं, मॅडमजी. तीन महिने मी केलेलं. नाव मी देणार होती. कधी, ते मी ठरवणार होती. तुम्ही शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव खर्चून टाकलं. आता घरी आईला काय सांगू? आणि तुम्ही तर उद्या मिरजेला."

आयुष्यात मी इतरांच्या चुकांवर पुष्कळ बोलले आहे, स्वतःच्या चुकीवर बोलायची सवय नव्हती. एवढंच विचारलं, मी काय करू?

तिनं डोळे पुसले. "तिकीट पुढे ढकला."

सोमवार, हातोद आणि सरकारी कार्यालय

सकाळी आम्ही परत रामकन्याबाईंकडे गेलो. या वेळी मी आधी बोलले. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पावडरीत लिहिलंय ते नाही, मी ती तपासली नव्हती, बर्फ आजपासूनच सुरू करा.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "तमने चाखी थी?"

"नाही."

"बिना चाखे नाम दे दियो?"

"हो."

"म्हूँ तो घी भी चाख के दूँ।" आणि मग त्यांनी मला दहा मिनिटं जे सुनावलं त्यातली निम्मी माळवी मला कळली नाही, पण सूर पूर्ण कळला. शिकलेल्या लोकांना इतकी साधी गोष्ट येत नाही याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटत होतं. बोलून झाल्यावर त्या आत गेल्या आणि एक न फोडलेला पुडा आणून करुणाच्या हातात ठेवला. माझ्या नाही. चहा विचारला नाही, तेही बरोबरच होतं.

तिथून आम्ही अन्नपदार्थांच्या तपासणीचं कार्यालय गाठलं. टेबलामागच्या बाबूंनी पुडा उलटसुलट केला. "नैचुरल लिखा है तो दिक्कत क्या है?" विष पण नॅचरल असतं, मी म्हणणार होते. या वेळी मी गप्प बसले. करुणानं वही उघडली आणि तीन प्लेटचे फोटो एकेक करून समजावले. घाईनं नाही, आवाज न चढवता. बाबूंनी आधी खुर्ची मागे ढकलली, मग पुढे ओढली, मग आतून अधिकाऱ्यांना बोलावून आणलं. अधिकाऱ्यांनी सगळं पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाले, नमुने आम्ही आमच्या पद्धतीनं घेऊ, पण लेखी तक्रार लागेल.

त्याचा अहवाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. कंपनीचा कागद माझ्या फोटोसकट अजून कुठे कुठे चिकटलेला असेल. मी त्यांना लेखी कळवलं, उत्तर नाही. रामकन्याबाईंचं होस्टेल परत आलेलं नाही, टिफिनवाले टिकले आहेत. करुणा पलासियातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि म्हणते की मुलं प्लेट न पाहताच परीक्षा पास होतात. मला ती अधूनमधून फोन करते. माफ केलं असं ती कधी म्हणालेली नाही आणि मी विचारलेलं नाही.

पण त्या सोमवारचं राहिलं. बाबूंनी अर्ज पुढे सरकवला. तक्रारदाराचं नाव, अशी वरच रेघ. मी पेन काढलं. म्हटलं, माझं नाव घालते, मी निवृत्त आहे, माझं कुणी काही बिघडवू शकत नाही. करुणानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रेघेवर सावकाश, सुवाच्य अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासह, महूच्या पत्त्यासह. बाबूंनी ते वाचलं आणि पेनाच्या टोकानं माझ्याकडे दाखवलं.

"और ये मैडम? ये आपकी कौन लगती हैं?"

करुणानं माझ्याकडे पाहिलं. मी खरोखरच घाबरले होते.

"गवाह हैं," ती म्हणाली, आणि पेन माझ्याकडे दिलं.